मार मंडळीनं खाल्ला होता का?

अन्याय सरलावर झाला. चार वर्षांपूर्वीच्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत, क्षमेवरचा उपदेश संपला त्याच क्षणी. काचीगुड्याच्या एका ख्रिस्ती देवळात, भरल्या मंडळीसमोर, पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, तिचा उजवा हात धरला आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. या नवऱ्यानं, विजयनं, त्याच्या महिनाभर आधी तिच्या डाव्या कानशिलात अशी मारली होती की कानाचा पडदा फाटला. सरला देवळाच्या गायक-मंडळात गायची. विजय त्याच मंडळात पेटी वाजवायचा. हात मिळाले, लोकांनी ‘आमेन’ म्हटलं, चार बायकांनी पदरानं डोळे पुसले. सरलाला कुणी काही विचारलं नाही.

हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण मला मार्थाबाईंबद्दल लिहायचं आहे, आणि त्यांची सक्त ताकीद होती की माझ्याबद्दल कधी काही छापलंस तर पहिलं नाव सरलाचं छाप. का, ते पुढे येईलच.

मार्थाबाई आमच्या शेजारच्या. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि आमचं घर, मध्ये एक सामाईक भिंत आणि एक सामाईक पाण्याची टाकी. त्या जालन्याकडच्या ख्रिस्ती, लग्न होऊन हैदराबादला आलेल्या, लवकर विधवा झालेल्या, मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. माझे वडील नोकरीनिमित्त इथे आले आणि इथलेच झाले. शाळेत मला तेलुगू होतं, इंग्रजी होतं, गल्लीत दखनी. मराठी फक्त आईच्या तोंडात. मराठी वाचायला मला मार्थाबाईंनी शिकवलं, त्यांच्या ओट्यावर बसवून, कान न पिरगाळता. आज मी मराठीत पत्रकं लिहिते, भांडते, लोकांना उभं-आडवं सोलते. त्या सगळ्या अक्षरांची सुरुवात त्या ओट्यावरची आहे.

माझी त्यांच्याबद्दलची पहिली आठवण म्हणजे कडा. पावाच्या कडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या देवळात प्रभुभोजन असायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या दिवशी प्रत्येकाला पावाचा एक छोटासा चौकोनी तुकडा आणि घोटभर द्राक्षरस मिळतो. त्याआधी सगळे मिळून पापांची कबुली देतात. तो तुकडा म्हणजे त्यांच्या प्रभूचं शरीर, तो रस म्हणजे रक्त. ही तयारी मार्थाबाईंकडे होती. शुक्रवारी त्या बेगम बाजारातून काळे मनुके आणायच्या, ‘बीवाले दे रे बाबा, बिनबीवाले नक्को’ असं दुकानदाराशी भांडून. ते भिजवायचे, उकळायचे, मलमलच्या फडक्यातून पिळायचे. शनिवारी संध्याकाळी बेकरीचा अख्खा पाव घेऊन कडा काढायच्या आणि आतल्या पांढऱ्या भागाचे तुकडे करायचे. कडा ताटलीत घेऊन त्या ओट्यावर यायच्या आणि गल्लीतली आम्ही सगळी पोरं, हिंदू, मुसलमान, बौद्ध, तेलुगू, चहात बुडवून त्या कडा खायचो.

आईला पहिल्यांदा शंका आली. ‘बाई, हा तुमचा प्रसाद तर नाही ना?’

‘नाही हो ताई,’ मार्थाबाई म्हणाल्या. ‘प्रसाद मधला. ही कड. मधलं देवळात जातं, कड गल्लीत. कड खायला कुणाची परवानगी लागत नाही.’

दुसरी आठवण टाकीची. एका उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती, घराघराच्या पाळ्या ठरल्या होत्या. एके सकाळी मार्थाबाई आमच्या दारात उभ्या. नीट चुण्यांचं पांढरं लुगडं, हातात काही नाही.

‘ताई, काल तुमच्या पाळीत मी दोन बादल्या पाणी घेतलं. तुम्ही बाजारात गेला होतात. चोरून घेतलं.’

आई ओशाळली. ‘असू द्या हो बाई, त्यात काय एवढं.’

‘असू द्या नक्को. असू द्या म्हणजे दार लोटून घेणं झालं. माफ केलं की नाही केलं, ते सांगा.’

आईला हसू आवरेना. ‘बरं, नाही केलं! आता?’

‘ठीक,’ म्हणाल्या आणि गेल्या. जराही रुसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पाळीतल्या दोन बादल्या आमच्या मोरीत ओतल्या आणि परत दारात उभ्या. ‘आता?’ आईनं हात जोडले. ‘केलं बाई, केलं!’ मग कुठे त्या चहाला बसल्या.

लहानपणी मला ही गंमत वाटायची. हा त्यांचा धर्म होता हे फार उशिरा कळलं. रविवारच्या शाळेत त्या मुलांना शिकवायच्या तेव्हाही त्यांची हीच रीत. शेवटची प्रार्थना व्हायच्या आधी त्या विचारायच्या, ‘आज कुणाकडे जायचंय?’ म्हणजे या आठवड्यात तू ज्याचं वाईट केलंस त्याच्याकडे. पोरं म्हणायची, ‘बाई, मी पापी आहे, मला देवानं क्षमा करावी.’ बाई म्हणायच्या, ‘पापी आहे ही काय कबुली झाली? ती तर ओळख झाली. मी बाई आहे, तू पोरगा आहेस, आपण सगळे पापी आहोत. केलंस काय ते सांग.’ मग पोरगं पुटपुटायचं, डब्यातलं अंडं खाल्लं. ‘कुणाच्या डब्यातलं?’ अमक्याच्या. ‘मग देवाकडे काय बघतोस? अंडं काय देवाचं होतं? जा त्याच्याकडे.’

त्या रविवारच्या शाळेत सरला शिकली, आणि विजयही. सरला परकर-पोलक्यातली, गोड गळ्याची पोरगी. मार्थाबाईंना ती ‘टीचरबाई’ म्हणायची. पुढे तिचं विजयशी लग्न झालं ते त्याच देवळात, आणि लग्नातल्या पाहुण्यांना वाढायला मार्थाबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. मीही जेवले. विजय दिसायला देखणा, बोलायला मऊ. असे लोक बोलायला मऊच असतात. हे मी आमच्या बायकांच्या संघटनेच्या कामात इतक्यांदा पाहिलंय की आता मऊ बोलणारा जावई दिसला की मला घाम फुटतो.

त्या उत्तम शुक्रवारी मी देवळात होते ते योगायोगानं. तेलुगू मंडळीचं देऊळ आहे ते. मराठी मंडळी छोटी, तिला देऊळ उरलेल्या वेळात मिळतं. तेलुगू उपासना बारा ते तीन, मराठी साडेतीनला. मार्थाबाई म्हणायच्या, ‘तेलुगू लोकांचा प्रभू तीनला प्राण सोडतो, आमचा सहाला. भाड्याच्या देवळात असंच.’ एप्रिलचं ऊन, त्यांचा उपास. मी त्यांना स्कूटीवर सोडलं आणि बाहेरची भट्टी बघून मागच्या बाकावर पंख्याखाली बसून राहिले.

पाळक बोलले क्रुसावरच्या क्षमेबद्दल. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग विजय उठला. पुढे गेला, गुडघे टेकले आणि हमसून हमसून रडायला लागला. ‘मी पापी आहे. मी माझ्या घरात चुकलो. सैतानानं मला गाठलं.’ बस्स, एवढंच. कान नाही, थप्पड नाही, सरलाचं नावसुद्धा नाही. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंडळीला विचारलं, ‘या पश्चात्तापी भावाला मंडळी क्षमा करते का?’

मंडळी एका आवाजात म्हणाली, ‘करते!’

ही तिथली रीत आहे. चूक करणारा कबूल करतो, मंडळी क्षमा करते, मग उजवा हात हातात देतात, तो पुन्हा प्रभुभोजनाला मोकळा. पाळकांनी गायक-मंडळातल्या सरलाला हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही, कारण ते तिच्या डाव्या बाजूला होते. शेजारणीनं ढोसलं तेव्हा ती आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. काहीच नव्हतं, असं म्हणते. हात हातात गेला.

आणि दुसऱ्या बाकावरून मार्थाबाई उभ्या राहिल्या.

‘पाळकसाहेब,’ शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात, ‘मार मंडळीनं खाल्ला होता का?’

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

‘बसा बाई,’ मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले.

‘बसते. आधी सांगा. मार मंडळीनं खाल्ला असेल तर मंडळीनं माफ करावं. माझा कान तर शाबूत आहे. मी कशी माफ करू? आणि विजय, तू रडतोयस ते ठीक, पण केलंस काय ते सांग ना. मी तुला हेच शिकवलं होतं का?’

विजयची आई ओरडली, ‘ओ बाई, आमच्या घरात कायकू पडताय? दोघं एक होतायत ते बघवत नाही का तुम्हाला? एकट्या राहून डोस्कं फिरलंय!’

पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू करायला सांगितलं. पेटीवर कोण बसलं? विजय. डोळे पुसत पुसत बसला आणि वाजवायला लागला. सरला आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. ओठ हलत होते. मी बघत होते, आवाज येत नव्हता.

पुढच्या आठवड्यात मंडळीच्या पंचांची बैठक झाली. पवित्र दिवशी उपासना मोडली, पाळकांचा अपमान केला, मंडळीत फूट पाडली, असे आरोप. विजयवर नाही हं, मार्थाबाईंवर. त्यांनी मंडळीसमोर उभं राहून कबुली दिल्याशिवाय त्यांना प्रभुभोजन बंद. पण पाव कापायला आणि मनुके उकळायला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा ते काम त्यांनीच करायचं, असंही ठरलं. वाचलंत ना? बाईचे हात कामाला पवित्र, ताटाला अपवित्र. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीनं आयुष्यभर इतरांची शेतं खुरपली आणि त्यांच्या घरचं पाणी ती वरून ओंजळीत प्यायली.

आणि त्यांनी काम केलं. दर महिन्याला बेगम बाजार, मलमलचं फडकं, पावाचे तुकडे. रविवारी मागच्या बाकावर बसायच्या. तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून यायचं आणि त्यांच्या बाकाला वळसा घालून जायचं. त्यांनीच कापलेले तुकडे. त्या मान ताठ ठेवून बघायच्या. एकदा घरी येताना स्कूटीवर मागून म्हणाल्या, ‘आज तुकडे जरा मोठे झाले ग. लोकांना चावायला लागत होते.’ मी पुढे बसून रडत होते, हेल्मेटच्या आत. बाई अशा होत्या. त्यांना तो तुकडा किती हवा होता हे मला माहीत आहे. भिंत एक असली की माणसाची प्रार्थना ऐकू येते.

मी गप्प बसणारी नव्हे. पत्रक काढलं. ‘कापणारीला तुकडा नाही!’ असा मथळा, खाली मार्थाबाईंचं नाव ठळक, मराठी, तेलुगू, इंग्रजी तिन्हींत. पुढच्या रविवारी देवळाच्या फाटकावर उभी राहून वाटलं. सेक्रेटरींनी मला ‘बाहेरची बाई’ म्हटलं. मी म्हटलं, ‘मी तर बाहेरचीच आहे, तुम्ही आतल्यांना बाहेर का काढताय?’ दोन तरुण पोरं हसली. तेवढीच कमाई.

संध्याकाळी मार्थाबाईंनी पत्रक माझ्यासमोर ठेवलं. चष्मा नाकावर, बोट कागदावर.

‘माझं नाव केवढं?’

‘मोठं.’

‘आणि सरलाचं?’

सरलाचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं, बारीक.

‘मला एक तुकडा मिळाला नाही प्रज्ञा. तिचा कान गेला. आणि तू मला डोक्यावर घेऊन तिला खाली बसवलंस. मंडळीनं तरी दुसरं काय केलं? पुन्हा छापशील तर उलटं छाप.’

म्हणून हा लेख सरलाच्या नावानं सुरू झाला.

दरम्यान सरलानं विजयला सोडलं. त्या हात मिळवण्यानंतर त्याला पुन्हा जोर आला होता, मंडळीची माफी खिशात होती ना. ती एका पिशवीनिशी निघाली, शहरातल्या कोठी भागात एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी धरली, बायकांच्या हॉस्टेलात खाट घेतली. देवळात ती परत आली नाही. मार्थाबाई मात्र दर महिन्याला, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, कोठीला जायच्या. मी नेऊन सोडायचे. तिथे त्या पेशंटांच्या बाकावर बसायच्या. सरला काउंटरवर टोकन देत असायची. मध्येच उठून टीचरबाईंना पाणी आणून द्यायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. अर्धा-पाऊण तास झाला की मार्थाबाई उठायच्या, ‘येते ग.’ सरला म्हणायची, ‘हौ टीचरबाई.’ झालं. मला वाटायचं, मायेपोटी जातात. जुनी विद्यार्थिनी आहे.

मग पाळकांची बदली झाली. नवे पाळक आले, तरुण, जरा लाजरे. त्यांनी पंचांना विचारलं, या म्हाताऱ्या बाईंना का बंद ठेवलंय? कुणालाच धड उत्तर देता येईना. गाजावाजा न करता बंदी उठली. कबुलीची अटसुद्धा नाही. मला बातमी कळली तेव्हा मी गल्लीत उड्या मारल्या. जिंकलो होतो आम्ही! आमच्या कामात जिंकायचे दिवस किती कमी येतात हे तुम्हाला ठाऊक नाही. त्या रविवारी मी मुद्दाम देवळात गेले, इस्त्रीचा कुर्ता घालून.

ताट मागच्या बाकापर्यंत आलं. नव्या पाळकांनी स्वतः आणलं होतं. मार्थाबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि शेजारच्या बाईकडे सरकवलं. तुकडा उचलला नाही.

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. ‘बाई, हे काय? एवढं भांडलो कशासाठी? आता कुणाची बंदी आहे?’

‘गाडी लाव बाजूला,’ त्या म्हणाल्या. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिथे त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांच्या रीतीनं सांगितलं, म्हणजे केलं काय ते.

उत्तम शुक्रवारच्या वर्षभर आधी सरला त्यांच्याकडे आली होती. भुवई फुटलेली. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, प्रार्थना केली. मग तिला शास्त्रातलं सांगितलं, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करावी लागते. सरला म्हणाली, ‘टीचरबाई, आज इथेच झोपू?’ मार्थाबाईंनी रिक्षा बोलावली, तिच्याबरोबर बसल्या आणि तिला तिच्या नवऱ्याच्या दारात सोडून आल्या.

‘वाटभर ती मला चिकटून होती,’ मार्थाबाई म्हणाल्या. ‘माझा हात घट्ट धरून बसली होती. दार आलं तेव्हा मलाच तिची बोटं सोडवावी लागली. एकेक करून. मला तेव्हाच कळलं होतं प्रज्ञा, की ही भितेय. कळून सोडलं. मला वाटलं, मी देवाचं काम करतेय. पाळकांनी काय केलं? तिचा हात त्याच्या हातात दिला. ते मी वर्षभर आधी केलं होतं. त्या दिवशी मी त्यांच्यावर उठले ना, ते मला माझंच दिसलं म्हणून.’

‘मग माफी मागा तिची.’

‘मागितली. पहिल्यांदा कोठीला गेले तेव्हाच. जसं झालं तसं सांगितलं, बोटांपर्यंत. ती म्हणाली, टीचरबाई, कानात अजून शिट्टी वाजते. चोवीस तास. ती थांबली की सांगते.’

‘आणि दर महिन्याला तुम्ही...’

‘बसते. विचारत नाही. दुसऱ्यांदा मागितलं की ते ओझं तिच्या डोक्यावर जातं. तिनं सांगायचं ठरवलं तर मी समोर असावं, एवढंच. वेदीपाशी जाताना आठवलं की अमक्याचं माझ्याशी बिनसलंय, तर हातातलं तिथंच ठेवावं आणि आधी त्याच्याकडे जावं, असं आम्हाला शिकवलंय. मी जातेय. अजून पोचले नाही. पोचल्याशिवाय तो तुकडा कसा खाऊ?’

‘देव करतो की माफ! तुमचाच धर्म सांगतो ना?’

‘करतो. त्यानं केव्हाच केलं असेल. पण कान काय देवाचा फुटला होता?’

मी पत्रकं लिहिणारी, मला प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्या दिवशी मी स्कूटी सुरू केली आणि त्यांना घरी आणलं.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांची किडनी गेली. सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. सूज, दम. मी दोनदा कोठीला निघाले आणि दोन्हीदा त्यांनी माझी ओढणी धरली. ‘सरलाला सांगायचं नाही.’

‘बाई, तिला नंतर कळलं तर?’

‘मी मरतेय म्हणून ती माफ करेल. मरणाचा धाक घालून घेतलेली माफी आणि रडून घेतलेली माफी, फरक काय ग? विजय गुडघ्यावर बसला होता, मी खाटेवर पडलेय. नक्को. शपथ घे.’

शपथ घेतली. 

नवे पाळक आले, डबीत तुकडा आणि छोट्या बाटलीत रस घेऊन. मार्थाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या आईची विचारपूस केली, तुकडा घेतला नाही. तो बिचारा तरुण माणूस डबी हातात धरून रडला. ‘बाई, मी काय करू?’

‘माझ्यासाठी काही नको. पुढच्या वेळी कुणी मंडळीसमोर रडला, तर आधी विचारा, कुणाकडे जाऊन आलास.’

 ते गेल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, ‘प्रज्ञा, खाली बेकरी असेल बघ. एक पाव आण. कडा काढ.’

मी पाव आणला. सुरी नव्हती, हातानंच कडा फाडल्या, वाकड्यातिकड्या. वॉर्डातल्या चहात बुडवून भरवल्या. दीड कड गेली असेल. ओठांवरचा चहा मी पुसला. ‘कड खायला कुणाची परवानगी लागत नाही,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. पहाटे त्या गेल्या.

मातीला सरला आली. कुणीतरी दवाखान्यात फोन केला होता. ती सरळ माझ्याकडे आली, उजवा कान माझ्याकडे करून उभी राहिली. ‘मला का नाही कळवलं?’

मी सांगितलं. शपथ, डबी, कडा, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

‘शिट्टी थांबली नाही अजून,’ ती म्हणाली. ‘माफ केलं असतं की नाही, खरंच माहीत नाही मला. खोटं नसते बोलले टीचरबाईंशी. पण आले असते ना. कड मी भरवली असती.’

मग ती रडली. मी कधी कुणाला तसं रडताना पाहिलेलं नाही, आणि माझं कामच रडणाऱ्या बायकांबरोबर आहे.

शवपेटी खड्ड्यात उतरवताना गायक-मंडळानं गीत धरलं. सगळ्यात पुढे, सगळ्यात सुरेल कोण? विजय. चार वर्षांत, मार्थाबाई सोडल्या तर, त्याला एकाही माणसानं विचारलं नव्हतं की तू केलंस काय. मंडळी डोळे मिटून त्याच्या सुरात सूर मिसळत होती. सरलानं मूठभर माती उचलली, हळूहळू वळली आणि डावा कान त्याच्याकडे केला. तशीच उभी राहिली, गीत संपेपर्यंत. मग माती टाकली आणि फाटकातून बाहेर गेली.

आता तुम्ही. हे ख्रिस्ती लोकांचं काहीतरी आहे, असं म्हणून पान उलटू नका. आमच्या विहारात, तुमच्या मंडळात, गल्लीतल्या बैठकीत, दिवाणखान्यात सोफ्यावर, हेच चालतं. ‘झालं गेलं विसरा, मिटवून घ्या’ म्हणत कुणीतरी एका बाईचा हात दुसऱ्याच्या हातात देतो आणि बाकीचे डोळे पुसतात. त्या बाकीच्यांत तुम्ही असता. पुढच्या वेळी कुणी रडत उभा राहिला आणि तुम्हाला विचारलं गेलं, क्षमा करता का, तर ‘करतो’ म्हणू नका. तुम्ही मार खाल्लेला नाही. उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, केलंस काय, आणि तिच्याकडे जाऊन आलास का. मग ती ‘नाही’ म्हणाली, तर तिथंच थांबा. तिला समजवायला जाऊ नका. तिच्याजवळ बाकावर जागा असेल तर गुपचूप बसा.